गाढवाचा पासपोर्ट

सोलापुरातल्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या मास्तरला शाळेकडून एकच हत्यार मिळतं, ते म्हणजे खडू. दुसरं त्याने स्वतः जमवायचं असतं. मी 'गाढवा' हा शब्द जमवला. खडू महिन्याला मोजून मिळायचे, त्यामुळे शब्दाचा वापर सढळ झाला. एलिमेंटरीला बसलेल्या मुलाने वस्तुचित्रातला कांदा टेबलाच्या बाहेर अधांतरी काढला, की गाढवा. इंटरमिजिएटच्या मुलाने तांब्याची सावली उजेडाच्या बाजूला पाडली, की दोनदा गाढवा. माझ्या निरोपसमारंभात एक माजी विद्यार्थी, जो आता हाडांचा डॉक्टर आहे, भरल्या गळ्याने म्हणाला, "सरांनी आम्हाला माणूस केलं." मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "त्याआधी काय होतास रे?" अख्ख्या हॉलने एका सुरात उत्तर दिलं.

एवढं असूनही खऱ्या गाढवाशी माझी गाठ पडली ती वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आणि तीही नेदरलँड्समधल्या टिलबर्ग नावाच्या गावात. फोनवर हिला सांगितलं तर म्हणाली, "गाढव बघायला एवढ्या लांब जायचं काय कारण ओ? आपल्याकडं आरसा होता की."

लेक-जावई टिलबर्गच्या पश्चिमेला रेसहोफ नावाच्या उपनगरात राहतात. टिलबर्ग म्हणजे त्या देशाचं सोलापूर. आम्ही चादरीचे, ते लोकरीचे. १८८१च्या सुमारास या गावात १४५ लोकर-गिरण्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एकामागून एक बंद पडल्या. एका गिरणीत आता कापडाचं संग्रहालय आहे. दुसरी सूतगिरणी होती, तिथे १९९२पासून 'दे पोंट' नावाचं आधुनिक कलेचं संग्रहालय चालतं. जिथे पिंजलेल्या लोकरीचे ढीग पडत, तिथे आता पांढऱ्या भिंतीवर एकच चित्र टांगतात आणि लोक त्यापुढे दहा-दहा मिनिटं उभे राहतात. आमच्या जुन्या गिरणीचं काय झालं, हे जावयाने विचारलं तेव्हा मी चहा मागितला.

आमच्या गड्डा यात्रेसारखी जत्राही आहे त्यांची. जुलैत दहा दिवस गावात पाळणे, भोवरे आणि माणसाला उलटं टांगून दोन्ही खिसे रिकामे करणारी यंत्रं उभी राहतात. नेदरलँड्स, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग मिळून एवढी मोठी जत्रा दुसरी नाही. मी एका पाळण्यात बसलो. उतरल्यावर सिद्धरामेश्वराला नारळ बोललो.

पण या गावाची खरी ओळख वेगळीच आहे. टिलबर्गकरांचं परंपरागत टोपणनाव आहे 'क्राउकेनझायकर्स'. मराठीत सांगायचं तर गाडग्यात मुतणारे. लोकरीतला तेलकटपणा काढायला आणि कापड घट्ट करायला पूर्वी शिळं मूत्र लागायचं, कारण त्यात अमोनिया असतो. गरीब विणकरांची घरं ते गाडग्यात साठवायची आणि गिरणीला विकायची. हसणारे शेजारगावचे हसले, टिलबर्गकरांनी पैसे मोजून घेतले. आज कार्निव्हलच्या दिवसांत हे गाव आपलं नावच बदलून 'क्राउकेनस्टाड' करतं, म्हणजे शुद्ध मराठीत गाडगेनगर. त्या गाडगेवाल्याचा पुतळाही आहे गावात. असं टोपणनाव कुणी आम्हाला ठेवलं असतं तर आम्ही मोर्चा काढला असता, सार्वजनिक बसच्या दोन काचा फोडल्या असत्या. त्यांनी पुतळा उभारला. ज्या गावाने याचेसुद्धा पैसे केले, त्या गावाला निधी कसा जमवावा याचा सल्ला मी दिला, ही पुढची हकीकत.

सुरुवात नातीपासून झाली. ती नऊ वर्षांची आहे. एका संध्याकाळी हातात कागद घेऊन समोर उभी राहिली.

"आजोबा, एका फेरीला किती?"

शाळेतली मुलं मैदानाभोवती धावणार होती. जेवढ्या फेऱ्या होतील तेवढे पैसे ओळखीपाळखीच्यांनी द्यायचे आणि जमलेली रक्कम आजारी मुलांच्या उपचाराला जायची. मी नातीच्या पायांकडे पाहिलं. काड्यापेटीतल्या काड्या. सोलापुरी हिशेबाने ही दुसऱ्या फेरीला बसकण मारणार आणि तिसरीला रडणार. शिवाय समोर जावई बसलेले. सासऱ्याचा हात आखडता दिसू नये म्हणून मी उदारपणे म्हणालो, "दहा युरो."

जावयांना ठसका लागला. मला वाटलं भाजी तिखट झाली.

नात तेवीस फेऱ्या धावली. एकविसाव्या फेरीला मी मैदानाच्या कडेला उभा राहून "पुरे बाळा, दमलीस, पाणी पी" असं ओरडत होतो. आजूबाजूच्या डच पालकांना ते प्रोत्साहन वाटलं आणि तेही माझ्याबरोबर टाळ्या वाजवू लागले. दोनशे तीस युरो. जावयांनी हळुवारपणे त्याचे रुपये करून सांगितले. वीस हजारांच्या वर. शेजारच्या आजींनी कागदावर काय लिहिलं होतं ते मी नंतर पाहिलं. फेरीला पन्नास सेंट.

त्या रात्री झोप लागली नाही, तेव्हा या प्रकारावर विचार केला. आपल्याकडे वर्गणीची रीत साधी आहे. पावतीपुस्तक घेऊन मंडळाची पोरं दारात उभी राहतात आणि देणारा पळतो. इथे देणारा दारात उभा राहतो आणि मागणारा पळतो. नुसतं हात पसरून मागण्याचीही सोय आहे. दर संस्थेला वर्षातला आठवडा नेमून दिलेला असतो आणि त्या आठवड्यात सीलबंद डबा घेऊन माणसं दारोदार येतात. पण मोठी रक्कम हवी असेल तर या लोकांना काहीतरी करून दाखवावं लागतं, आणि ते जितकं निरुपयोगी असेल तितकं बरं. २००६पासून डच लोक फ्रान्समधल्या आल्प द्युएझ नावाच्या घाटावर एका दिवसात सहा-सहा वेळा सायकलने चढतात. वर काहीही आणायचं नसतं. कॅन्सरसाठी पैसे जमवायचे असतात, एवढंच. मार्टेन फान डर वायडन हा त्यांचा पोहणारा. त्याला तरुणपणी रक्ताचा कॅन्सर झाला, त्यातून उठून त्याने २००८ साली ऑलिम्पिकचं सुवर्णपदक आणलं. मग तो अकरा गावांना जोडणाऱ्या कालव्यांतून सलग पोहायला निघाला. २०१८ साली १६३ किलोमीटरवर त्याला थांबावं लागलं. आपल्याकडे याला नापास म्हणतात. तिथे तोवर लाखो युरो जमले होते. पुढच्या वर्षी पठ्ठ्या परत उतरला आणि पूर्ण पोहून बाहेर आला.

इंग्लंडात २०२०च्या एप्रिलमध्ये कॅप्टन टॉम मूर या शंभरीला टेकलेल्या निवृत्त सैनिकाने चालण्याची काठीचौकट धरून आपल्या अंगणात शंभर फेऱ्या मारल्या. हजार पौंड जमावेत अशी इच्छा होती, जमले तीन कोटींच्या वर. त्याला कुणी फेरीला दहा पौंड म्हणालं असतं तर तो देणारा फक्त हजारात सुटला असता, हे गणित मी त्या रात्री तीनदा केलं.

टिलबर्गहून गाडीने अर्ध्या तासावर ब्रेडा आहे. तिथे २०१६च्या डिसेंबरात एका रेडिओ केंद्राच्या काचेच्या घरात न्यूमोनियाने आजारी असलेल्या मुलांसाठी पैसे गोळा होत होते. मेंदूत गाठ असलेला सहा वर्षांचा एक मुलगा नखं रंगवून तिथे आला आणि म्हणाला, तुम्हीही रंगवा, एक युरो द्या आणि तीन जणांना सांगा. पोलीस, खेळाडू, बाप्ये, सगळ्यांनी नेलपॉलिश लावून घेतलं. पंचवीस लाख युरो जमले. पुढच्या उन्हाळ्यात तो मुलगा गेला. हे सांगताना शेजारच्या आजी आपल्या नखांकडे पाहत होत्या.

हे सगळं आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचे, मग कीर्तनात हात पसरायचे. आधी काम, मग मागणी. जन्म परिटाच्या घरातला, म्हणजे गाढवाशी घरोबा असलेल्यांच्यातला. हातात गाडगं. मुंबईत दादरला कॅन्सरच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही चालते. आणि परळला मुलांचं वाडिया हॉस्पिटल १९२९ साली उभं राहिलं, ते कापडगिरणीवाल्यांच्याच पैशातून. गिरणी, गाडगं, गाढव आणि आजारी मुलं, ही चौकडी माझ्या डोक्यात इतकी घट्ट बसली की दुसऱ्या दिवशी तोंडातून नको ते निघून गेलं.

झालं असं, की शेजारच्या आजींनी गल्लीतल्या लोकांना कॉफीला बोलावलं होतं. उट्रेक्टला मुलांच्या कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे, प्रिन्सेस माक्सिमा सेंटर. २०१८पासून सगळ्या देशातल्या अशा मुलांचे उपचार त्या एका छपराखाली आणलेत. त्याच्यासाठी गल्लीने काहीतरी करावं, असं आजींच्या मनात होतं. कुणी सायकल म्हणालं. सायकलला तिथे कुणी विचारत नाही, ती त्यांची चप्पल आहे. कुणी केक भाजू म्हणालं. मी विनोदाने म्हणालो, "गाढवाच्या गाडीतून जा उट्रेक्टला."

आपल्याकडे असं बोलल्यावर चार माणसं हसतात आणि विषय पुढे सरकतो. तिथे कुणी हसलं नाही. आजींनी पर्समधून डायरी काढली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "कुठला शनिवार?"

अंतर रस्त्याने साधारण पासष्ट किलोमीटर. रेल्वेने तासाभरात माणूस पोचतो. गाढव तासाला पाचेक किलोमीटर चालतं, आणि चालायचं ठरवलं तरच. दिवसाला पंधराच्या वर त्याला चालवू नये. म्हणजे पाच दिवस. वाटेत तीन नद्या: मास, वाल आणि तिसरीचं नाव चक्क लेक. पहिल्या दोन ओलांडता येतील, लेकीला ओलांडून कुठला बाप पुढे गेलाय, असं मी म्हणालो. याचं भाषांतर करायला जावयांनी नकार दिला.

शिवाय गाढव पाणी ओलांडायला राजी नसतं. म्हणून युरोपात पूर्वी त्याच्यासाठी छोटे पूल टाकत, असं सांगतात. डच भाषेत एखादी गोष्ट लक्षात राहावी म्हणून जी युक्ती करतात, तिला 'एझल्सब्रुख', म्हणजे गाढवाचा पूल म्हणतात. 'तानापिहिनिपाजा' हा आमचा गाढवाचा पूल. एझल म्हणजे गाढव. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला की ते गाढवाचा कान म्हणतात. त्यांच्या म्हणीप्रमाणे गाढव एकाच दगडाला दोनदा ठेचकाळत नाही. आमच्या म्हणीत त्याला गुळाची चव कळत नाही, गीता वाचून उपयोग होत नाही आणि अडलेला हरी नाइलाजाने त्याचे पाय धरतो. शिवाजीमहाराजांच्या बालपणी आदिलशाही सरदाराने पुणं उद्ध्वस्त केलं, ते दाखवायलाही गाढवाचाच नांगर फिरवला. नांगर ओढला बिचाऱ्या गाढवाने, अपमान झाला जमिनीचा.

त्यांच्या मुलांच्या पुस्तकात १८९१पासून डिक ट्रॉम नावाचा एक जाडा, खोडकर मुलगा आहे. होफडॉर्प गावात त्याचा पुतळा आहे आणि त्यात तो गाढवावर उलटा बसलाय. आमच्याकडे गाढवावर उलटं बसवतात त्याला धिंड म्हणतात, पुतळा नाही. बीड जिल्ह्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात, अशी माहिती मी ओघात दिली. जावयांनी लगेच विषय बदलला.

पण मला खरा धक्का बसला तो राजवाड्यात. राजा दुसरा विल्यम याचं टिलबर्गवर प्रेम. त्याने इथे राजवाडा बांधायला घेतला आणि तो पुरा होण्याआधीच १८४९ साली इथेच वारला. मग त्या वाड्यात शाळा भरली. १८६६ साली त्या शाळेत तेरा वर्षांचा एक तांबूस केसांचा मुलगा दाखल झाला आणि १८६८च्या मार्चमध्ये, वर्ष अर्धवट टाकून, कुणाला कारण न सांगता निघून गेला. व्हिन्सेंट व्हॅन गॉग. त्याचा चित्रकलेचा वर्ग आज पुन्हा उभा करून दाखवतात. मी तिथे एखाद्या वारकऱ्यासारखा गेलो. चित्राचा कागद टेकवायच्या तिकाटण्याकडे बोट दाखवून नात म्हणाली, "आजोबा, याला एझल म्हणतात."

"ईझल म्हण, बाळा."

"नाही, एझल. गाढव. ते ओझं उचलतं ना, म्हणून."

मी जावयांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. इंग्रजीतला ईझल हा शब्द डच भाषेतूनच गेलाय. म्हणजे बत्तीस वर्षं मी ज्यांना गाढव म्हणत होतो ती मुलं ज्यांच्यासमोर उभी होती, तीच खरी गाढवं होती. सोलापुरात माझ्या वर्गात चौदा होती, त्यातली तीन लंगडी. शाळा तपासणीच्या वेळी मी ती लेखी मागवलीसुद्धा होती: 'चित्रकला विभागास सहा ईझल त्वरित मिळावेत.' मुख्याध्यापकांनी शेरा मारला होता, 'आहेत ती पुरेत.'

अखेर एका रविवारी आम्ही खरं गाढव पाहायला गेलो. इथे शहरात मुलांसाठी छोटी शेतं असतात, शेळ्या, कोंबड्या, डुकरं बाळगलेली. तशाच एका ठिकाणी ओळख निघाली. गाढवं सांभाळणाऱ्या बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आल्या आणि बरोबर राखाडी रंगाची एक गाढवीण. जवळून पाहिल्यावर लक्षात आलं, की माझ्या आयुष्यभराच्या शिव्या निराधार होत्या. काय रेखाटन होतं! पाठीच्या कण्यावरून गडद पट्टा गेलेला आणि खांद्यावर त्याला छेदणारा आडवा पट्टा. येशू गाढवावर बसून जेरुसलेममध्ये शिरला म्हणून त्या पाठीवर क्रूस उमटला, असं तिथली जुनी माणसं सांगतात. डोळ्यांभोवती पांढरी कडा. नाकपुड्या मखमलीच्या. कानाच्या आतली लव वाऱ्याने हलत होती, आणि एक कान माझ्याकडे, एक नातीकडे असा तिने वाटून दिला होता. असा कान काढता येत नाही म्हणून मी किती जणांना... असो.

बाईंनी कपाटातून एक पुस्तिका काढली. गाढविणीचा पासपोर्ट. युरोपीय संघात प्रत्येक घोड्या-गाढवाला पासपोर्ट आणि कातडीखाली चिप लागते. आत तिची जन्मतारीख, दिलेली औषधं, आणि एका छापील आकृतीवर अंगावरच्या खुणा लाल रेषांनी काढलेल्या. खांद्याचा पट्टा भलताच खाली गेला होता. सवयीने मी मनातल्या मनात 'सी' ग्रेड दिली.

मग अटी सुरू झाल्या. ती एकटी जाणार नाही, तिची मैत्रीण बरोबर हवी. गाढवांची मैत्री घट्ट असते, ताटातूट झाली तर खाणं सोडतात. मैत्रिणीलाही पासपोर्ट होता. मला तीन महिन्यांचा व्हिसा होता आणि त्यातले एकसष्ट दिवस संपले होते. म्हणजे त्या ताफ्यात कागदपत्रांची काळजी असलेला प्राणी मी एकटाच. पुढची अट, वाटेतलं हिरवंगार डच गवत खाऊ घालायचं नाही. हा कोरड्या प्रदेशातला प्राणी, त्याला पेंढा लागतो, रसरशीत गवताने खुरं सुजतात. पावसात फार वेळ भिजवायचं नाही, अंगावरचे केस पाणी धरतात. पाऊस टाळून नेदरलँड्समध्ये पाच दिवस काढायचे म्हणजे ही यात्रा उट्रेक्टला न नेता दुष्काळी जतला न्यावी लागली असती.

"आणि हट्टीपणा केला तर?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "हट्टी नसतात ती. घोडा घाबरला की पळतो. गाढव घाबरलं की थांबतं आणि विचार करतं. ओरडलात तर आणखी वेळ लागतो."

मी काही बोललो नाही. वस्तुचित्राच्या तासाला खाली मान घालून उभे राहिलेले दोन-तीन चेहरे उगाच आठवले. त्यांतला एक हाडांचा डॉक्टर.

बदल म्हणून मी बाईंना आमच्याकडच्या बालआरोग्याची माहिती दिली. आमच्याकडे गल्लीत गाढवीण घेऊन माणसं येतात, "गाढविणीचं दूध घ्या" अशी हाळी देतात, दारातच पिळतात आणि चमच्याच्या भावाने विकतात. लहान मुलांच्या खोकल्यावर, छाती भरण्यावर आया ते पाजतात. डॉक्टरांना हे पसंत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. कच्चं दूध तान्ह्याच्या घशात ओतू नये. पण एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एका अनाथ मुलांच्या हॉस्पिटलात आजारी तान्ह्यांना थेट गाढविणीच्या आचळाला लावत, कारण तिचं दूध आईच्या दुधाच्या बरंच जवळचं. तेव्हा बालआरोग्यासाठी गाढव राबवण्याची कल्पना माझी नव्हे, मी फक्त गाडी जोडली.

अटींची यादी वाढत गेली तशी यात्रा आखडत गेली. उट्रेक्ट गेलं, डेन बॉश आलं. डेन बॉश गेलं, बारा किलोमीटरवरचं काट्सह्यूव्हल आलं. तिथे एफ्टलिंग नावाचं परिकथांचं मोठं उद्यान आहे आणि त्यात ग्रिमच्या गोष्टीतलं सोन्याची नाणी टाकणारं गाढव आहे. आपण नाणं घालायचं, मग त्याच्या मागच्या बाजूने चकचकीत पदक पडतं. मुलं रांग लावून ते पदक उचलतात आणि ते कुठून पडलं याचं कुणाला सोयरसुतक नसतं. निधी जमवण्याचं याहून सरळ यंत्र मी पाहिलेलं नाही. पण बारा किलोमीटरही गाढविणींच्या बाईंना जास्त वाटले. शेवटी ठरलं, शाळेच्या फाटकापासून वस्तीभोवती एक फेरी. दीड किलोमीटर. शंभर मीटरला अमुक इतके, असे कागद फिरले. नात माझ्याकडे आली. डच गाढवाप्रमाणे मीही एका दगडाला दोनदा ठेचकाळत नाही. "पूर्ण फेरी झाली तर वीस युरो," मी म्हणालो. "अर्धवटाला काही नाही."

शनिवारी ऊन पडलं होतं. दोन चाकांची गाडी, तिला रंगीत कागदाच्या पताका. गाढविणीच्या छातीवरून रुंद कातडी पट्टा, पाठीवर छोटं खोगीर. गाडीत आजी आणि दोन मुलं. त्यांच्या मांडीवर मातीचं एक जुनं, पोटफुगं भांडं, पैसे टाकायला. मैत्रीण मागून दोरीने. मी कडेने चालत, प्रमुख पाहुण्यासारखा. टाळ्या झाल्या, मिरवणूक निघाली आणि साधारण साठ पावलांवर थांबली.

समोर झेब्रा क्रॉसिंग होतं.

गाढविणीने पांढरे पट्टे पाहिले. दुसऱ्याच्या नावाच्या जागेवरून जायचं नाही, असा काही बाणा असावा. चारी पाय रोवून ती उभी राहिली. गाजर दाखवलं, ते तिने मान लांबवून घेतलं, पाय न हलवता. मागे तीन मोटारी थांबल्या. आपल्याकडे एव्हाना हॉर्नचा वाद्यवृंद सुरू झाला असता. इथे एका मोटारवाल्याने खाली उतरून विचारलं, कशासाठी चाललंय, आणि भांड्यात दहाची नोट टाकली. दहा मिनिटं झाली. मी मनात खूश. फेरी पुरी होत नाही, वीस युरो वाचले.

तेवढ्यात आजींनी गाडीतूनच डायरी उघडली. शंभर मीटरचा हिशेब रद्द. आता मिनिटाला किती ते सांगा. जेवढा वेळ ती उभी, तेवढे पैसे. गर्दीत उत्साहाची लाट आली. पोरांनी मोबाइलवर घड्याळं लावली. आणि माझी नात, माझं रक्त, खणखणीत आवाजात ओरडली, "माझे आजोबा मिनिटाला एक युरो!"

त्यानंतर मी त्या गाढविणीशी जे बोललो ते सगळं मराठीत होतं. आधी चुचकारलं. मग विनवलं. अडल्या हरीसारखे पायही धरले असते, पण बाई म्हणाल्या खुरांजवळ जाऊ नका. तिने एक कान माझ्याकडे केला, ऐकून घेतलं आणि पुन्हा पट्ट्यांचा विचार करू लागली. एक शब्द ओठांवर आला होता, बत्तीस वर्षांच्या सवयीने. पण तो तिला लागू पडला नसता, ती तर ते होतीच.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला बाईंनी मैत्रिणीला पलीकडे नेऊन उभी केली. ही लगेच चालायला लागली, जणू तिथे पट्टे नव्हतेच. "हे आधी का नाही केलं?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आधी पैसे जमत नव्हते." मग ती न थांबता वस्तीभोवती गेली आणि पूर्ण फेरी करून फाटकाशी आली. त्रेचाळीस आणि वीस, त्रेसष्ट. दोन्हीकडून ठेच लागली ती मला.

रात्री फोनवर नातीने सोलापूरच्या आजीला सगळं साग्रसंगीत सांगितलं. झेब्रा, गाजर, आजोबांचं गाढविणीपुढचं भाषण. मग कॅमेरा वळवून ते भांडं दाखवलं, काठोकाठ नाणी भरलेलं, आणि पूर्वी टिलबर्गचे लोक त्यात काय साठवायचे तेही सांगितलं. शाळेत शिकवलं होतं.

ही थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "धुऊन घेतलं होतं नव्हं ओ?"